वजाबाकीत हरवलेला हायड्रोजन

मे महिन्यातली दुपार होती आणि सोलापुरात पारा 43 अंशांवर गेला होता. महाविद्यालयाच्या संगणक कक्षात मी आणि एम.एस्सी.च्या शेवटच्या सत्रातली माझी विद्यार्थिनी मृग नक्षत्रातील तेजोमेघाचे अवरक्त वर्णपट तपासत होतो. निरीक्षणे एका वेधशाळेच्या खुल्या संग्रहातली होती. सुमारे 1,350 प्रकाशवर्षांवरच्या या तेजोमेघात ‘ओरायन बार’ नावाचा उजळ पट्टा आहे. तेजोमेघाच्या मध्यावरील ट्रॅपिझियम या तारकासमूहातल्या तप्त ताऱ्यांनी आयनित केलेला वायू आणि त्यामागचा थंड रेणूंचा ढग यांची सीमा तिथे जवळजवळ कडेने दिसते. त्यामुळे ताऱ्यांच्या बाजूला 2.166 मायक्रॉनवरची ब्रॅकेट-गामा ही आयनित हायड्रोजन वायूतून येणारी रेषा ठळक असावी आणि पलीकडे हायड्रोजन रेणूची 2.122 मायक्रॉनवरची रेषा वाढत जावी, अशी आमची अपेक्षा होती.

प्रत्यक्षात दोन्ही रेषा क्षीण होत्या आणि एके ठिकाणी तर ब्रॅकेट-गामा उणे आली होती. “सर, उत्सर्जन उणे कसं येईल?” तिने विचारले. तिला तरंगलांबीच्या अंशांकनाची शंका होती, मला सदोष पिक्सेलची. दोन तास त्यातच गेले.

चूक आकाश वजा करण्यात होती. अवरक्त प्रकाशात आपले वातावरणच हायड्रॉक्सिल रेणूंमुळे उजळते, म्हणून दुर्बीण किंचित सरकवून दुसरी नोंद घेतात आणि ती पहिलीतून वजा करतात. एकट्या ताऱ्यासाठी ही रीत उत्तम आहे. परंतु हा तेजोमेघ आकाशात पूर्णचंद्रापेक्षाही मोठा पसरलेला असल्याने, काही विकला (एक विकला म्हणजे अंशाचा 3600 वा भाग) सरकलेली दुर्बीण तेजोमेघावरच राहिली होती आणि आम्ही हायड्रोजनमधून हायड्रोजनच वजा करत होतो.

सुदैवाने नोंदींच्या शेवटी तेजोमेघापासून बऱ्याच दूरच्या आकाशाची एक नोंद सापडली. वातावरणाची चमक काही मिनिटांतही बदलते, म्हणून हायड्रॉक्सिलच्या रेषांशी तिचे प्रमाण जुळवून ती वजा केली, तेव्हा दोन्ही रेषा आपापल्या जागी उभ्या राहिल्या. 2.122 आणि 2.248 मायक्रॉनवरच्या रेषांचे गुणोत्तर आघाताने तापलेल्या वायूत 10 च्या आसपास आणि विरळ वायूतल्या अतिनील प्रतिदीप्तीत (रेणूने अतिनील प्रकाश शोषून पुन्हा प्रकाश सोडणे) 2 च्या आसपास असते. आमचे गुणोत्तर या दोन्हींच्या मधेच पडले. दाट वायूतल्या टकरी प्रतिदीप्तीचा ठसा पुसट करतात, हे लक्षात घेता ते मला पटले.

गेल्या वर्षी आणखी एका तेजोमेघाचे वर्णपट मी याच जुन्या रीतीने तयार केले होते. संध्याकाळी त्या फायली पुन्हा उघडल्या.