तीन महिन्यांनंतरची तपासणी

आज शस्त्रक्रियेला तीन महिने पूर्ण झाले. मोठ्या भावासाठी माझ्या यकृताचा उजवा, म्हणजे सुमारे ६० टक्के भाग काढल्यानंतर जे उरले होते, ते वाढून जवळजवळ पूर्वीच्या आकारमानाचे झाले आहे, असे डॉक्टरांनी सोनोग्राफीच्या पडद्यावर बोट ठेवून सांगितले. काढलेला भाग पुन्हा उगवत नाही, राहिलेलाच वाढतो, हे मला आज नीट उमगले. त्याच वेळी काढलेले पित्ताशय मात्र परत येणार नाही.

रक्ताचे अहवाल चांगले आहेत, तरी दुपारनंतर गळून गेल्यासारखे होतेच. सुरुवातीला शिंक आली की पोटावर घट्ट दाबून धरायची ती उशी अजून खाटेच्या कडेला आहे, आणि व्रणाभोवतीची कातडी इतकी बधिर आहे की शर्टाचे बटण टेकलेलेही कळत नाही. भेटणारा प्रत्येक जण दादाचीच चौकशी करतो आणि त्याचा मला थोडा राग येतो, हे लिहिताना (खरे सांगायचे तर) संकोच वाटतो.

संध्याकाळी दादाचा फोन आला. स्वतःचे काही सांगण्याआधी त्याने विचारले, "तुझा रिपोर्ट काय म्हणतो रे?" शस्त्रक्रियेनंतर आज प्रथमच भरलेली बादली उचलली, एवढेच मी त्याला सांगितले.