उपसर्ग कुठे कापायचा?

स्मरणिकेत घंटेच्या, मैदानाच्या, डब्याच्या आठवणी लिहिणारे पुष्कळ आहेत. माझ्या वाट्याचं पान मी इंग्रजीच्या तासाला फळ्यावर उतरणाऱ्या ‘अपोझिट्स’च्या यादीला देतो. हॅपी–अनहॅपी, पॉसिबल–इम्पॉसिबल, लीगल–इल्लीगल, रेग्युलर–इररेग्युलर. ही यादी पाठ होते आणि परीक्षेनंतर विसरतेही, कारण पॉसिबलला ‘अन’ का नाही आणि हॅपीला ‘इम’ का नाही, हे गाईडात छापत नाहीत.

इन, इम, इल, इर हे चार वेगळे उपसर्ग नाहीत. लॅटिनचा नकाराचा ‘इन’ एकच आहे. तो रूप का बदलतो हे कळायला सोलापूरच्या एसटीच्या पाट्या पुरतात. मंद्रूप, कुंभारी, मंगळवेढा, पंढरपूर. चारही नावांत पहिल्या अक्षरावर टिंब एकच, पण मोठ्यानं म्हणून बघा. मंद्रूपमध्ये न्, कुंभारीत म्, मंगळवेढ्यात ङ्, पंढरपुरात ण्. पुढचं अक्षर जिथून निघणार, तिथे जीभ किंवा ओठ आधीच जाऊन बसतात. ‘पॉसिबल’चा प ओठांचा, म्हणून त्याच्या आधीच्या ‘इन’चा ‘इम’. प, ब, म यांच्याआधी इम: इम्प्युअर, इम्बॅलन्स, इम्मॉरल. ल आला की इल, र आला की इर, एरवी बहुतेक इनच. आपण हा सगळा फरक एका टिंबाखाली झाकतो. लॅटिननं तो स्पेलिंगमध्ये उघडा ठेवला, एवढंच.

‘अन’ हा इंग्रजीचा घरचा. तो कुणासाठी वाकत नाही: अनपॉप्युलर, अनलकी, अनरिअल. म्हणून ‘लीगल’चं इल्लीगल होतं, पण त्याच अर्थाच्या ‘लॉफुल’चं अनलॉफुल. आपला अशक्यमधला अ, अनुचितमधला अन्, लॅटिनचा इन आणि इंग्रजीचा अन हे चौघे मुळात एकाच घरचे आहेत. पांगले, तशी बोलायची ढब बदलली.

पेपरात मुलं हमखास चुकतात ती जागा पुढची. विशेषणाला एक उपसर्ग आणि त्याच शब्दाच्या नामाला दुसरा: अनएबल पण इनॅबिलिटी, अनजस्ट पण इन्जस्टिस, अनइक्वल पण इनइक्वॅलिटी, अनस्टेबल पण इन्स्टॅबिलिटी. अशी नामं बहुतेक लॅटिन-फ्रेंच वळणाची, म्हणून इन टिकला. विशेषणाला इंग्रजीनं घरचा अन लावला. या जोड्या जोडीनंच लिहून काढाव्यात, सुट्या पाठ करू नयेत.

एक एस की दोन, हा घोळ तर एका ओळीत मिटतो. उपसर्ग जोडताना अक्षर गळत नाही आणि वाढतही नाही. डिस अधिक अपिअर, एस एकच. डिस अधिक सॅटिस्फाइड, एस दोन. अन अधिक नेसेसरी, सुरुवातीला एन दोन. मिस अधिक स्पेल, पुन्हा दोन एस. आणि ‘चुकीचं स्पेलिंग करणे’ या अर्थाचा हा शब्दच लोक पुष्कळदा चुकवतात.

आता खरी फसवी जागा. लॅटिनमध्ये ‘इन’ दोन आहेत. एक नकाराचा, दुसरा ‘आत’, ‘वर’ या अर्थाचा, आणि दोघांचा चेहरामोहरा हुबेहूब सारखा. पुणे-हैदराबाद रस्त्यानं जाणाऱ्या पेट्रोलच्या टँकरमागे ‘हायली इन्फ्लेमेबल’ लिहिलेलं असतं. यादी पाठ केलेला मुलगा त्याचा अर्थ ‘अजिबात न पेटणारा’ असा लावील. इथला इन नकाराचा नाही. ‘इन्फ्लेम’ म्हणजे पेटवणे, त्यावरून इन्फ्लेमेबल म्हणजे चटकन पेटणारा. फ्लेमेबलचा अर्थही तोच. हा गोंधळ जिवावर बेतू शकतो, म्हणून सुरक्षेच्या पाट्यांवर आता फ्लेमेबल लिहिणं बरं मानतात. न पेटणारा म्हणायचं असेल तर नॉन-फ्लेमेबल. सूत आणि टॉवेलच्या गोदामांच्या आपल्या गावात एवढा फरक प्रत्येकाला यायला हवा.

दुसरं उदाहरण उजनी धरणाचं. ‘इररेग्युलर’मधला इर नकाराचा, पण ‘इरिगेशन’मधला इर तो दुसरा: लॅटिनमध्ये ‘रिगारे’ म्हणजे पाणी देणे, त्याला ‘इन’ लागून शेतात पाणी सोडणे. दोन्हीकडे स्पेलिंगला डबल आर, अर्थाचा एकमेकांशी संबंध नाही. ‘इन्व्हॅल्युएबल’मध्ये इन नकाराचाच आहे, पण नकार किमतीला नसून किंमत ठरवण्याला आहे. म्हणून अर्थ अनमोल, कवडीमोल नव्हे.

‘अन’लाही दोन कामं आहेत. विशेषणाला लागला तर ‘नाही’, क्रियापदाला लागला तर केलेलं उलटवणं. मार्केट यार्डात कांद्याचा ट्रक अनलोड करतात म्हणजे भरलेला रिकामा करतात. त्यामुळे ‘अनलॉकेबल’ हा शब्द दोन जागी कापता येतो: कुलूप लावताच न येणारं, किंवा लावलेलं कुलूप उघडता येणारं. दोन्ही बरोबर. वाक्य बघूनच ठरवायचं.

नॉन आणि डिस यांतला फरक तर सोलापूरकरांना इतिहासानं शिकवला आहे. १९२० चं आंदोलन ‘नॉन-कोऑपरेशन’. नॉन नुसता बाजूला उभा राहतो: साथ देणार नाही. १९३० चं ‘सिव्हिल डिसओबिडिअन्स’. डिस पुढे येऊन उलट कृती करतो: हुकूम मोडणार. त्याच वर्षी मे महिन्यात सोलापुरात मार्शल लॉ लागला आणि १२ जानेवारी १९३१ ला आपले चार हुतात्मे येरवड्यात फाशी गेले. ‘असहकार’ आणि ‘कायदेभंग’ या मराठी शब्दांनी हा फरक नेमका धरला आहे. तसंच अनइंटरेस्टेड म्हणजे ज्याला रस नाही तो, आणि जुन्या काटेकोर अर्थानं डिसइंटरेस्टेड म्हणजे ज्याचा स्वार्थ गुंतलेला नाही तो. पंच डिसइंटरेस्टेड असावा. अनइंटरेस्टेड असला तर सामन्याचं कठीण. मिस म्हणजे चुकीचं. व्हॉट्सॲपवरची चुकून पसरलेली खोटी माहिती मिसइन्फर्मेशन, मुद्दाम पसरवलेली डिसइन्फर्मेशन.

कापण्याआधी एक खात्री करावी: समोर दिसतो तो उपसर्गच आहे का? युनियन, युनिफॉर्म यांच्या सुरुवातीला यू-एन दिसतं, पण तो ‘एक’ अर्थाचा युनि आहे. ‘मिसाइल’मध्ये मिस नाही. ‘अंकल’मध्ये अन नाही.

राहिला हायफन. ‘री’नंतर तो बहुधा लागत नाही, पण अर्थ बदलत असेल तर लावावाच लागतो. रिकव्हर म्हणजे दुखण्यातून उठणे. गादीला नवी खोळ घालायची तर री, हायफन, कव्हर. साहेबांना ‘पुन्हा सही करतो’ असं लिहिताना हा हायफन गळला, तर तो राजीनामा होतो. ‘एक्स-स्टुडंट’मध्येही हायफन हवा. या स्मरणिकेचं इंग्रजी पान छापायला जाण्याआधी कुणीतरी तेवढं बघून घ्यावं.