आमची वाटचाल : रिलीज ऑर्डरवर सही कोणाची

जाहिरात एजन्सी आम्ही दोघांनी काढली. मी कॉपी, म्हणजे जाहिरातीचा मजकूर, लिहायचो, तो ले-आऊट, म्हणजे पानाची मांडणी, करायचा. बिलं मीच करायचो आणि आर्टवर्क प्रेसवर तोच घेऊन जायचा. एकाच टेबलाच्या दोन बाजूंना बसायचो, कारण दुसरं टेबल नव्हतं. पण कोणी विचारलं तर मी अमेरिकन जाहिरातकार बिल बर्नबाखचं नाव पुढे करायचो. १९४९ साली त्यानं भागीदारांसोबत डॉयल डेन बर्नबाख ही एजन्सी काढली आणि लिहिणाऱ्याला व चित्र काढणाऱ्याला एकत्र बसवलं. त्याआधी बहुतेक ठिकाणी कॉपीरायटर मजकूर लिहून आर्ट विभागाकडे धाडून द्यायचा आणि त्याचा संबंध संपायचा. आमच्याकडे विभागच नव्हते, त्यामुळे तो प्रश्न आलाच नाही.

ज्यांनी कीबोर्डवरच डोळे उघडले त्यांना खोटं वाटेल, पण त्या टेबलावर खरा अंमल रोट्रिंगच्या, बारीक रेघा काढायच्या शाईच्या पेनांचा होता. बारीक निब थोडे दिवस पडून राहिली की आत शाई वाळायची. मग ती कोमट पाण्यात भिजवायची, कानाशी धरून हलवायची, आतली तार खुळखुळली की समजायचं मोकळी झाली. लेट्रासेटच्या, घासून कागदावर उतरवायच्या अक्षरांच्या शीटवर इंग्रजी ‘ई’ सगळ्यात आधी संपायचा. नवी शीट आणायची ऐपत नसेल तर ‘एफ’ उतरवून त्याला खालची दांडी जोडायची. देवनागरी हेडलाइन मात्र माझा भागीदार हातानंच काढायचा, आणि त्याच्या ‘ळ’सारखा ‘ळ’ मला आजवर कुठल्या फॉन्टात दिसलेला नाही. ब्रोमाइडवर, म्हणजे मजकूर उमटवलेल्या फोटोच्या कागदावर, एक मात्रा चुकली तर सर्जिकल ब्लेडनं दुसरीकडची मात्रा कापून रबर सोल्यूशननं चिकटवायची. वरून बटर पेपर, त्यावर पेन्सिलीनं रंगांचे टक्के. संगणकावर पानं लावायचं पेजमेकर १९८५ साली आलं, आमच्याकडे यायला बराच वेळ लागला, आणि आलं तेव्हा जोडाक्षरांनी इतका छळ केला की आम्ही मराठी मथळे पुढेही बरीच वर्षं हातानंच काढून स्कॅन करत होतो. युनिकोडच्या, म्हणजे सगळ्या लिप्यांसाठीच्या संगणकी प्रमाणाच्या, १९९१ च्या पहिल्या आवृत्तीतच देवनागरी होती म्हणतात. असेल. आमच्या ले-आऊटच्या सॉफ्टवेअरला ते कळायला फार उशीर झाला.

सुरुवातीच्या क्लायंटांपैकी आज टिकलेले एकच, पंप बनवणारे. त्यांना आम्ही शेठ म्हणतो. पहिल्याच ले-आऊटला त्यांनी बोट ठेवलं ते मोकळ्या जागेवर. “एवढ्या रिकाम्या जागेचेही पैसे वर्तमानपत्र घेणार?” मी म्हटलं, घेणार. वर्तमानपत्र जागा कॉलम सेंटिमीटरनं विकतं, आणि ते मोजताना अक्षरं मोजत नाहीत. मग त्यांना फोक्सवॅगनची १९५९ ची जाहिरात दाखवली : पानभर पांढरी जागा आणि कोपऱ्यात एवढीशी मोटार. शेठनी ते पान घडी करून नेलं. दुसऱ्या दिवशी फोन आला. “छापा. पण फोटो काढण्याआधी पंप नीट पुसून घ्या.” इतका स्वच्छ अभिप्राय मला नंतर कुठल्याही ब्रँड मॅनेजरनं दिलेला नाही.

आता शीर्षकातल्या सहीच्या प्रकरणाकडे येतो. धुलाई यंत्रं बनवणारी एक मोठी कंपनी आमच्याकडे आली. नाव लिहीत नाही. नव्या मॉडेलची मोहीम होती, बऱ्याच वर्तमानपत्रांत एकाच वेळी जाणारी. आमची कल्पना अशी, की यंत्र दाखवायचंच नाही. नुसते दोन मोकळे हात, मांडीवर ठेवलेले, काय करावं हे न कळलेले. खाली ओळ : ‘आता हात काय करतील?’ यंत्र खालच्या कोपऱ्यात, डाकतिकिटाएवढं. हे हात भागीदारानं चारकोलनं काढले होते. कंपनीच्या मार्केटिंग प्रमुखांनी उठून आमच्याशी हात मिळवले, तेव्हा तो सगळा दिवस हातांचाच होता.

बाहेरच्याला आमच्या धंद्याचं गणित ठाऊक नसतं, म्हणून लिहितो. जाहिरात क्लायंटची, पण रिलीज ऑर्डर, म्हणजे ‘ही जाहिरात छापा’ असं वर्तमानपत्राला लेखी कळवणं, जाते एजन्सीच्या लेटरहेडवर, एजन्सीच्या सहीनं. बिल येतं एजन्सीच्या नावावर. शंभराच्या जाहिरातीत पंधरा एजन्सीचं कमिशन, पंच्याऐंशी वर्तमानपत्राचे. क्लायंटनं शंभर दिले नाहीत तरी ते पंच्याऐंशी आपल्याला भरावे लागतात. म्हणजे एक जाहिरात बुडाली की तेवढ्याच आकाराच्या जवळपास सहा जाहिरातींचं कमिशन तिच्या पोटात जातं. आणि ही तर एक जाहिरात नव्हती, पुरी मोहीम होती. ‘उधारीवर रिलीज द्यायचीच कशाला’ असं मला आजही शहाणे लोक विचारतात. त्यांनी कधी मोठ्या कंपनीकडे आगाऊ पैसे मागून पाहावेत.

साठ दिवस गेले, नव्वद गेले. व्हाउचर कॉप्या, म्हणजे जाहिरात छापल्याचा पुरावा म्हणून वर्तमानपत्राचे अंक, पाठवल्या, मिळाल्याच नाहीत म्हणाले, पुन्हा पाठवल्या. तेवढ्यात ते मार्केटिंग प्रमुख नोकरी सोडून गेले आणि नवे आले. नव्या साहेबांचं म्हणणं, मोहीम चाललीच नाही, त्यामुळे बिलाचा ‘फेरविचार’ होईल. इकडे डीलर माल संपला म्हणून ओरडत होते, हे आम्हाला डीलरच सांगत होते. वर्तमानपत्रांनी आमची उधारी बंद केली. ती बातमी आमच्या धंद्यात लपत नाही. दुसऱ्या क्लायंटांची रिलीज घ्यायला गेलो की काउंटरवरचा माणूस नजर चुकवून ‘आधी पेमेंट’ म्हणायचा. रोजच्या चहाची ओळख असलेला माणूस.

आणि मग पुढच्या सीझनला जाहिरात आली. दुसऱ्या एजन्सीची. दोन मोकळे हात, मांडीवरच, फक्त चारकोलच्या जागी रंगीत फोटो. ओळ : ‘आता हातांना सुट्टी!’ वर उद्गारचिन्ह. चोरीचं दुःख आहेच, पण त्याहून जास्त या ओळीचं आहे. आमची ओळ वाचणाऱ्याला प्रश्न विचारून थांबत होती, उत्तर त्यानं घरी जाऊन शोधायचं होतं. यांनी उत्तर देऊन टाकलं आणि वर टाळ्याही मागितल्या. चोरायचंच होतं तर निदान नीट चोरायचं.

वकिलांकडे गेलो. त्यांनी शांतपणे सांगितलं की कॉपीराइट कल्पनेला नसतो, तिच्या मांडणीला असतो. जागतिक व्यापार संघटनेच्या ट्रिप्स कराराच्या नवव्या कलमातही हेच लिहिलंय. चारकोल आमचा, फोटो त्यांचा. ओळीतले शब्द वेगळे. लढायला जाल तर वर्षं जातील. पुढे त्या जाहिरातीला बक्षीस मिळालं आणि त्या एजन्सीच्या मालकांनी व्यासपीठावर सांगितलं, की ही कल्पना त्यांना प्रवासात सुचली. कुठून कुठे चालले होते ते सांगितलं नाही.

त्या काळात भागीदारानं पगार घेतला नाही. रात्री पाठ्यपुस्तकांसाठी बेडकाच्या पचनसंस्थेची चित्रं काढायचा आणि ते पैसे वर्तमानपत्रांच्या हप्त्यात भरायचा. मी त्याला म्हटलं, तू मोकळा हो, देणं माझ्या अंगावर राहू दे. तो म्हणाला, “बेडूक झाला की बोलू.” तो विषय त्यानं पुन्हा काढू दिला नाही.

शेठ एक दिवस न कळवता आले. बाजारात ऐकलं होतं त्यांनी. बसले, आणि पुढच्या पूर्ण वर्षाच्या जाहिराती आजच ठरवू म्हणाले. वर्तमानपत्रांचे पैसे ते परस्पर भरणार, कमिशन आणि कामाचे पैसे आम्हाला आगाऊ. मी काही बोलायला लागलो तर हात वर केला. “उपकार नाही. तुम्ही बंद पडलात तर नव्या माणसाला मोनोब्लॉक आणि सबमर्सिबलमधला फरक मला पहिल्यापासून शिकवावा लागेल.” त्या एका वर्षावर आम्ही उभे राहिलो. वर्तमानपत्रांचं देणं शेवटच्या हप्त्यापर्यंत फेडलं.

त्यानंतरची दहा-बारा वर्षं बरी गेली. माणसं वाढली, जागा बदलली, सोशल मीडिया आला, ते सगळं इतरांसारखंच.

तरुण मुलं एजन्सी काढायची म्हणून भेटायला येतात आणि मी विचारलं नसतानाही बोलत सुटतो, तर इथेही सुटतो. माध्यमांचे पैसे शक्यतो क्लायंटला थेट भरू द्या, स्वतः विचाराची फी घ्या. कमिशन ही सवय जागा विकणाऱ्या दलालांच्या काळातली आहे; एकोणिसाव्या शतकात जाहिरात एजंट वर्तमानपत्रांची जागा विकूनच जगत. पैसे येईपर्यंत ओपन फाइल, म्हणजे बदल करता येणारी मूळ फाइल, देऊ नका, पीडीएफ द्या. पिचमध्ये, म्हणजे काम मिळवण्यासाठीच्या सादरीकरणात, दाखवलेल्या प्रत्येक पानावर तारीख टाका. आणि कृपा करून न्यूजप्रिंटवर रिव्हर्समध्ये, म्हणजे गडद रंगावर पांढरं, बारीक अक्षर टाकू नका, शाई पसरून ते बुजतं. काळा मजकूर एकट्या काळ्यातच ठेवा. चार रंगांतून काढलात तर रजिस्ट्रेशन, म्हणजे रंगांचं एकमेकांवर नेमकं बसणं, केसभर हललं तरी अक्षराला भूत लागतं. गडद फोटोत चारही शायांची बेरीज दोनशेचाळीस टक्क्यांच्या वर जाऊ देऊ नका. हे स्क्रीनवर दिसत नाही, सकाळी छापील पानावर दिसतं, आणि तेव्हा क्लायंटचा फोन प्रेसला जात नाही, तुम्हाला येतो.

अलीकडेच त्या धुलाई यंत्रांच्या कंपनीतून एका मुलीचा फोन आला. नव्या मोहिमेसाठी पाच एजन्सींना पिचला बोलावतोय, तुम्हीही या. फार गोड बोलली, तिचा काही दोष नाही. त्या वेळी ती शाळेत असेल. मी पिच फी विचारली. “सर, आमच्याकडे तशी पद्धत नाहीये.” मी तिचा ईमेल पत्ता घेतला आणि ते जुनं बिल, व्हाउचर कॉप्यांच्या स्कॅनसकट, व्याज धरून पाठवलं. भागीदार म्हणाला, व्याज सरळव्याजानं का लावलंस? दुरुस्त करून चक्रवाढीनं पुन्हा पाठवलंय.