कॉफी ग्राइंडर घेताय? आधी हलवून बघा

कुणाच्याही हातात हँड ग्राइंडर दिला की पहिलं वाक्य ठरलेलं, "अरे वा, चांगला जड आहे, मजबूत दिसतोय." जड म्हणजे टिकाऊ हे आपल्या डोक्यात पितळेच्या पातेल्यांपासून बसलंय आणि विकणाऱ्यांनाही ते पक्कं माहितीये, त्यामुळे बाहेरून जाडजूड ॲल्युमिनियमची बॉडी, वर गुळगुळीत लाकडी मूठ, मॅट काळा रंग, आणि आत बघावं तर मधला दांडा प्लास्टिकच्या बुशात डुगडुगतोय. मी तर वजनाकडे बघायचंच सोडलंय. आतले दोन बर्र (म्हणजे ती दातेरी चाकं ज्यांच्यामध्ये बी भरडली जाते) एकमेकांपासून नेमकं तेवढंच अंतर ठेवून फिरतात का आणि दोन-चार वर्षांनी पण तसेच फिरतील का, सगळा खेळ त्यावर आहे. बाकीचं नंतर.

ब्लेडवाल्यांबद्दल इथे लिहीत नाहीये. तो छोटा मिक्सरच, त्यात मसाला करा, झकास होतो.

आता अंतर अंतर काय लावलंय म्हणाल तर आकडे बघा. फ्रेंच प्रेसला दळण साधारण एक मिलिमीटरच्या आसपास लागतं, एस्प्रेसोला 200 ते 400 मायक्रॉन (हजार मायक्रॉन म्हणजे एक मिलिमीटर). जर्मनीच्या कोमांडांटे सी-40 या हँड ग्राइंडरमध्ये एक क्लिक (दळण जाडं-बारीक करायच्या चाकाचा एक टप्पा) फिरवला की बर्र जेमतेम 30 मायक्रॉन सरकतो, माणसाचा केस सुद्धा याच्यापेक्षा जाड असतो. म्हणजे दांडा बाजूला पाव मिलिमीटर जरी हलत असला तरी तुमचे ते क्लिक-बिक सगळे नावाला, एका बाजूला फट मोठी दुसऱ्या बाजूला लहान, आणि गिरणीत दगड नीट बसला नसेल तर एकाच डब्यात रवा पण येतो आणि मैदा पण, तसं दळण पडतं. मैद्यातून कडवटपणा उतरतो, रव्यातून आंबट पाणी, आणि आपण बसतो बी भाजणाऱ्या रोस्टरला शिव्या घालत.

तर दुकानात किंवा मित्राच्या घरी, जिथे कुठे हातात मिळेल तिथे हे करून बघा. खालचा डबा काढायचा, ग्राइंडर उलटा धरायचा, आतला शंकूसारखा बर्र दोन बोटांच्या चिमटीत धरून आडवा हलवायचा. आडवा हं, वर-खाली नाही, कारण बहुतेक हँड ग्राइंडरमध्ये खालून स्प्रिंग असते आणि बर्र दाबल्यावर वर-खाली होणारच, त्यात काही बिघडलेलं नाही. आडवं मात्र बोटांना काहीच जाणवायला नको. जाणवलं तर दांडा फक्त एका टोकाला धरलाय किंवा बेअरिंगच्या जागी नुसतं प्लास्टिकचं भोक आहे असं समजा. हारिओ कंपनीच्या जुन्या स्केर्टन ग्राइंडरचं हेच दुखणं होतं, दांड्याला वरून आधार आणि खालचं टोक मोकळं, त्यामुळे जाडं दळायला गेलं की बर्र नाचायचा, लोकांनी स्वतःच खाली आधार बसवायचे जुगाड केले होते. वर एक आणि खाली एक अशी दोन बॉल बेअरिंग असली की निम्मी काळजी मिटते, टाइममोअर सी 2 सारख्या त्यातल्या त्यात स्वस्तातल्या ग्राइंडरमध्ये पण ती मिळतात, त्यामुळे "या किमतीत एवढंच मिळणार" हे आता ऐकून घ्यायचं कारण नाही.

मग कान लावा. ॲडजस्टमेंट हळूहळू आवळत न्यायची, बर्र एकमेकांना घासायला लागले की दोन क्लिक मागे, आणि रिकामाच फिरवायचा. पूर्ण फेरीत सारखी हलकी चर्र येत असेल तर ठीक. पण प्रत्येक फेरीत एकाच जागी "खर्र" आणि मग शांत, पुन्हा त्याच जागी "खर्र", तर बर्र मधोमध बसलेला नाही. अगदी थोडं घासणं महागड्यांमध्ये पण ऐकू येतं म्हणून लगेच घाबरू नका, दोन-तीन क्लिक अजून मागे घेतल्यावर सुद्धा येतंय का ते बघायचं.

चपटे बर्र असलेला असेल, म्हणजे फेलो कंपनीचा इलेक्ट्रिक ओड वगैरे, तर मार्कर वापरतात. बर्रच्या कडेला व्हाइटबोर्डचा मार्कर सगळीकडून फासायचा, परत बसवायचा, बर्र टेकेपर्यंत आवळून हातानेच अगदी हलकं फिरवायचं आणि उघडून बघायचं. शाई सगळीकडून सारखी पुसली गेली तर उत्तम, एकाच बाजूची गेली असेल तर ती बाजू उंच. प्लग काढून ठेवा आधी, हे सांगायला लागू नये पण सांगतो.

इलेक्ट्रिकवाल्यांचं वेगळंच. आपल्याला मिक्सरची सवय, 750 वॅट म्हणजे भारी आणि 500 म्हणजे लेचापेचा. कॉफीत हे गणित चालत नाही. मिक्सरची मोटर मिनिटाला हजारो फेरे मारते, बर्र ग्राइंडरला त्याच्या कितीतरी कमी पुरतात, गिअर लावून वेग उतरवला की कमी वॅटची मोटर पण छान ओढते. सिॲटलच्या बरात्झा कंपनीचा एन्कोर बघा ना, जगभर घरोघरी वर्षानुवर्षं चालतोय, मोटर फक्त 70 वॅटची! आणि बाहेरून सगळं प्लास्टिक, हातात घेतलात तर म्हणाल हे कसलं खेळणं. गंमत अशी की त्याच्या आतल्या बर्र धरणाऱ्या कड्याला प्लास्टिकच्या छोट्या कानपट्ट्या आहेत त्या मुद्दाम कमकुवत ठेवल्यात. बियांमध्ये खडा आला आणि बर्र अडकला तर कानपट्टी तुटते, मोटर आणि गिअर वाचतात, नवीन कडं घालायचं आणि पुढे चालू. बरात्झा 2020 मध्ये ब्रेव्हिलने घेतली पण सुटे भाग विकायची पद्धत त्यांची जुनीच आहे. खडा येतो का विचाराल तर येतो, चिकमगळूर काय कुर्ग काय, कॉफी अंगणात उन्हातच वाळवतात, कितीही निवडली तरी एखादा चुकतो. त्यामुळे "प्लास्टिक आहे, फालतू आहे" म्हणायच्या आधी ते प्लास्टिक नेमकं कुठे लावलंय आणि का लावलंय हे बघावं. बॉडी प्लास्टिकची असली तर काय बिघडतं, वरचा बर्र धरणारे आटे प्लास्टिकचे असले की मात्र कपाळाला हात, कारण घट्टपणा सगळा त्या आट्यांवरच असतो.

एका मित्राचा स्वस्तातला इलेक्ट्रिक (कंपनीचं नाव जाऊ दे) दळण जाडंभरडं पाडायला लागला म्हणून आम्ही उघडला. स्क्रू थेट प्लास्टिकच्या भोकात पिळलेले, थरथरीने भोकं सैल झालेली, दोन स्क्रू तर नुसते आत पडलेले खुळखुळत होते. चांगल्या मशीनमध्ये तिथे पितळेची छोटी आट्यांची नळी बसवलेली असते, स्क्रू कितीदा काढा घाला, भोक झिजत नाही. बर्रच्या खाली जुन्या कॉफीची चिकट काळी पेंड साठलेली, तिचा वास तर विचारू नका. आमच्या इथल्या मिक्सर रिपेअरवाल्या काकांकडे नेला तर त्यांनी उलटा करून एकच विचारलं, "याचा कार्बन बाहेरून निघतो का रे?" कार्बन म्हणजे मोटरमधला झिजणारा ब्रश. निघत नव्हता, मोटर पत्र्याच्या डबीत बंद. "मग हा वापरा आणि टाका," म्हणाले आणि चहा प्यायला लागले. तेव्हापासून मी पण बुडाकडे आधी बघतो, स्क्रू दिसतात का, का सगळं गोंदाने चिकटवलंय, आणि किती मिनिटं चालवून किती मिनिटं थांबायचं हे पट्टीवर लिहिलंय का, मिक्सरवर असतं तसं.

स्टील की सिरॅमिक हा वाद फार ताणू नये. सिरॅमिक गंजत नाही पण खडा लागला की टवका उडतो, स्टीलची धार जास्त तीक्ष्ण. फक्त बर्र स्टेनलेस आहे म्हणून नळाखाली धरू नका, भांड्यांचं स्टेनलेस वेगळं आणि धार धरणारं कडक स्टेनलेस वेगळं, त्याला पावसाळ्यात, त्यातून कोकणात वगैरे राहत असाल तर ओलं ठेवलं की लाल ठिपके धरतात. कोरडा ब्रश बास.

अजून एक, दुकानात बी मिळाली तर हलक्या रोस्टची (म्हणजे कमी भाजलेली) घालून फिरवा. काळी तेलकट बी ठिसूळ असते, कुठलाही ग्राइंडर ती लोण्यासारखी दळतो आणि आपण खूश होतो. हलक्या रोस्टला खरा जोर लागतो, तेव्हा कळतं हँडल दांड्यावर घट्ट बसतंय का षटकोनी भोक आत्ताच गोल व्हायला लागलंय, बॉडी हातात पिरगळते का, आणि इलेक्ट्रिक असेल तर मोटरचा आवाज मध्येच बसतो का.

सेकंडहँड घेत असाल तर विकणाऱ्याला बर्र बाहेर काढून दातांच्या कडेचा जवळून फोटो पाठवायला सांगा. कडा गोलसर चकचकीत दिसल्या तर नवीन बर्रची किंमत (आणि बाहेरून मागवणार असाल तर कस्टमचं रडगाणं) धरून घासाघीस करायची. आणि "अहो तो उघडत नाही, कंपनीनेच पॅक केलाय" असं उत्तर आलं तर थँक्यू म्हणून पुढची जाहिरात बघायची.