बी साइडवर काय होतं

मी ओहायोत जुन्या टेप डिजिटल करून देणाऱ्या एका छोट्या लॅबमध्ये काम करते. लोकांना वाटतं, कॅसेट घालायची, बटण दाबायचं, झालं. प्रत्यक्षात निम्मा वेळ दुरुस्तीत जातो. टेपला हेडवर, म्हणजे ती वाचणाऱ्या भागावर, दाबून धरणारा फेल्टचा इवलासा तुकडा गळून पडलेला असतो, तो नवा चिकटवायचा. स्क्रू नसलेली, सांध्यावर चिकटवून टाकलेली डबी असेल तर ती पात्याने उकलून टेप नव्या डबीत घालायची. चर्चच्या कॅसेट बहुतेक असल्याच, ठोकात घेतलेल्या आणि स्वस्तातल्या. देवाच्या कामाला सगळ्यात हलका माल वापरायचा, हे जगभर सारखंच दिसतं.

एका चर्चने पेटीभर प्रवचनं पाठवली होती. त्यातल्या एका नव्वद मिनिटांच्या कॅसेटवर 1987 साल आणि ‘रॉक संगीत: लांडगा दारात’ अशा अर्थाचा मथळा होता. अशी प्रवचनं त्या काळात पोत्याने होती. रेकॉर्ड उलट्या फिरवून त्यात सैतानाचे निरोप शोधायचं वेडच होतं. 1986 मध्ये आमच्याच ओहायोतल्या आयर्नटन गावात एका प्रचारकाला ‘मिस्टर एड’ या बोलक्या घोड्याच्या टीव्ही मालिकेच्या शीर्षकगीतातसुद्धा सैतान सापडला होता.

आमचं यंत्र कॅसेटच्या दोन्ही बाजू एका दमात वाचतं. 3.81 मिलिमीटर रुंदीच्या टेपवर चार पट्टे असतात, दोन जाताना वाजणारे, दोन येताना. चारही एकदम वाचले की ए साइड सरळ येते आणि बी साइड शेवटाकडून उलटी. ती मग संगणकात सुलटी करायची. त्यामुळे उलटं बोलणं ऐकायची मला सवय आहे. त्या दिवशी ए साइडवर पास्टर उलट्या निरोपांबद्दल तळमळून सांगत होते. सहज बी साइडचा आवाज वाढवला. आधी काही मिनिटं उलटी प्रार्थना, मग अचानक उलटी गिटार, उलटे ड्रम आणि टिपेला गेलेला पुरुषी कोरस. मी हेडफोन काढून बाजूच्या टेबलावरच्या सहकाऱ्याला दिला. तो इतका हसला की कॉफी सांडली.

सुलटं केल्यावर तो लगेच ओळखला: स्ट्रायपर, अल्बम ‘टू हेल विथ द डेव्हिल’. सैतानालाच नरकात धाडणारा. कॅलिफोर्नियातल्या ऑरेंज काउंटीचा हा ख्रिस्ती मेटल बँड. पिवळे-काळे पट्ट्यांचे कपडे, बायबलमधल्या यशया 53:5 या वचनाचा आधार आणि कार्यक्रमात प्रेक्षकांत नव्या कराराच्या प्रती फेकायची रीत. ऑक्टोबर 1986 मध्ये एनिग्मा रेकॉर्ड्सने काढलेला हा अल्बम अमेरिकेत प्लॅटिनम झाला, म्हणजे दहा लाखांच्या वर. ख्रिस्ती मेटलमध्ये तोवर कुणाला ते जमलं नव्हतं. त्यातलं ‘ऑनेस्टली’ हे संथ गाणं बिलबोर्डच्या यादीत 23व्या क्रमांकापर्यंत गेलं. मुखपृष्ठावर सैतानाला खाली लोटणारे देवदूत होते. त्यावरही ओरड झाली आणि पुढच्या प्रती साध्या काळ्या मुखपृष्ठात आल्या. मायकल आणि रॉबर्ट स्वीट हे भाऊ जिमी स्वॅगर्ट यांचं टीव्हीवरचं प्रवचन ऐकून श्रद्धेकडे वळले होते. पुढे त्याच स्वॅगर्टनी ख्रिस्ती रॉकवर तोफ डागली. आमच्या पास्टरांच्या प्रवचनातही हे पिवळे-काळे पट्टे आणि फेकलेली बायबलं होती. गाण्यांतल्या शब्दांबद्दल अवाक्षर नव्हतं.

मग मी डबी नीट पाहिली. कॅसेटच्या पाठीवर दोन प्लास्टिकच्या चिमुकल्या पट्ट्या असतात. त्या मोडल्या की त्या बाजूवर रेकॉर्डिंग होत नाही. भोकावर सेलोटेप लावली की पुन्हा होतं. कीर्तनाच्या कॅसेटवर सिनेमाची गाणी भरलेल्या घरांना हे सांगायला नको. इथे दोन्ही पट्ट्या मोडलेल्या होत्या आणि बी साइडच्या भोकावर सेलोटेप होती, पिवळी पडलेली. म्हणजे कुणीतरी आधीचं प्रवचन पुसून त्यावर अल्बम भरला होता. अल्बम चाळीसेक मिनिटांचा, बाजू पंचेचाळीसची. शेवटी उरलेली प्रार्थना हीच त्या पुसलेल्या प्रवचनाची शेपटी.

कुणी? यावर कॅसेटच बोलली. टेपवर हेड जरा तिरपं बसलेलं असलं की रेकॉर्डिंगही तिरपं होतं. वाजवताना आपलं हेड त्याच तिरकेपणाला आणावं लागतं, नाहीतर स, श सगळे बोथट होतात. वेगवेगळ्या यंत्रांवर भरलेल्या बाजू एका दमात क्वचितच जुळतात. इथे पास्टरांच्या आवाजासाठी हेडचा स्क्रू फिरवला आणि बी साइडच्या झांजा आपोआप लखलखीत झाल्या. यंत्र एकच, चर्चचं. पुढचा पुरावा वेगाचा. अल्बमची सीडी शेजारी लावली, तर कॅसेट सुमारे चार टक्के वरच्या पट्टीत. प्रवचनाखालची विजेची गुणगुण अमेरिकेत 60 हर्ट्झला हवी, ती 62.4ला. भरतानाच ते यंत्र मंद चालत होतं. म्हणजे पास्टरांच्या आवाजाची खरी पट्टी मी लावली ती स्ट्रायपरच्या मापाने.

माझा संशय साउंड डेस्कवर बसणाऱ्यावर आहे. रेकॉर्डची बाजू उलटताना त्याने पॉज दाबून जागा अगदी नेमकी जोडली आहे, लेव्हल कुठेही फुटलेली नाही. नुसतं प्रवचनाच्या तयारीसाठी कुणी इतकं जपून अख्खा अल्बम भरत नाही. मी चर्चच्या सेक्रेटरीबाईंना विचारलं, तेव्हा डेस्कवर कोण असायचं? ‘जो मोकळा असेल तो,’ असं उत्तर आलं. साउंडवाल्याचं नाव कुणाला आठवत नाही, देऊळ असो की चर्च.

आमच्या मॅनेजरचं म्हणणं: बाजारातलं संगीत ग्राहकाला द्यायचं नाही, हक्कांची भानगड, बी साइडची प्रार्थनेची शेपटी ठेव, बाकी काप. कायद्याने त्याचं बरोबर असेल. पण कापलेल्या फाइलमध्ये ती प्रार्थना कुठून उगवली हे कुणाला कसं कळणार? मी नोंदीत सगळं लिहिलं, अल्बमचं नाव, सेलोटेप, स्क्रूची गोष्ट, आणि डबीचा फोटो जोडला. तो म्हणाला, नोंदी कुणी वाचत नाही. तेही खरंच.

बाईंची तक्रार आली ती वेगळीच. ‘आमच्या पास्टरांचा आवाज इतका जड नव्हता. ते असे सावकाश बोलत नसत.’ फोनवर कळलं की त्या चर्चमध्ये आल्या तेव्हा पास्टर वारलेले होते. त्यांनी आणि आताच्या बहुतेकांनी त्यांना ऐकलं ते या कॅसेटवरच, चार टक्के घाईत. मी गुणगुणीचा हिशेब समजावला, स्ट्रायपरचं नाव मात्र काढलं नाही. बाई ठाम होत्या. शेवटी दोन फाइल पाठवल्या आणि कुठली कुठली हे नावात ठळक लिहिलं. त्यांनी वेबसाइटवर चढवली ती घाईची.