जुने लॉग उडवावेत

रात्री पावणेदोनला फोन वाजला. टीममध्ये तीन महिन्यांपूर्वी आलेली मुलगी त्या आठवड्यात पहिल्यांदाच ऑन-कॉल होती, म्हणजे रात्री-अपरात्री बिघाड झाला तर बघायची पाळी तिची. "दादा, डेटाबेसची डिस्क 94 टक्के भरलीये. तुमच्या रनबुकमध्ये आहे, 'जुने लॉग उडवावेत.' पीजी-एक्सलॉग नावाच्या फोल्डरमध्ये 180 जीबी पडलंय. कमांड टाइप केलीये. एंटर मारू?"

रनबुक, म्हणजे बिघाड झाला की काय करायचं याच्या सूचना, मीच लिहिलं होतं. मी ताडकन उठून बसलो. "आधी हात काढ कीबोर्डवरून."

2019 ची गोष्ट. आमचा डेटाबेस, पोस्टग्रेस, तेव्हा 9.6 आवृत्तीवर होता. त्या फोल्डरच्या नावात 'लॉग' असला, तरी तो फेकून द्यायचा लॉग नव्हे. डेटाबेस प्रत्येक बदल आधी तिथे लिहितो, मग टेबलांच्या फाइलींत. मशीन अचानक बंद पडलं तर त्यावरूनच सावरतो. 16-16 एमबीच्या फाइली असतात. त्या उडवल्या आणि मशीन बसलं, तर डेटाबेस पुन्हा उभा राहील याची खात्री नाही. या नावाला फसून इतक्या जणांनी ते फोल्डर साफ केलं, की 2017 मध्ये आवृत्ती 10 आली तेव्हा पोस्टग्रेसवाल्यांनी नावच बदलून पीजी-वॉल केलं. मला हे सगळं पाठ होतं. त्यामुळेच लिहायचं सुचलं नाही. माझ्या मते 'लॉग' म्हणजे अर्थातच अॅप्लिकेशनचे.

खरं कारण दहा मिनिटांत सापडलं. रिपोर्टिंगची रेप्लिका, म्हणजे डेटाबेसची चालती नक्कल, महिन्यापूर्वी बंद केली होती, तिचा रेप्लिकेशन स्लॉट मात्र तसाच राहिला होता. स्लॉट म्हणजे रेप्लिकेने कुठवर वाचलंय याची मुख्य डेटाबेसकडची नोंद. तो सांगतो, आमच्याकडच्यांनी या फाइली अजून वाचलेल्या नाहीत, ठेवा. पोस्टग्रेस इमानेइतबारे साठवत बसतं. स्लॉट काढला, चेकपॉइंट झाला (साठलेले बदल टेबलांच्या फाइलींत उतरले), डिस्क रिकामी व्हायला लागली.

सकाळी रनबुक तिलाच लिहायला दिलं. मग त्याहून नव्या एका मुलाला टेस्ट सर्व्हरवर ते वाचत वाचत करायला बसवलं आणि मी मागे, तोंड बंद ठेवून. (हे फार अवघड जातं.) पहिल्याच ओळीला तो अडला: 'प्रायमरीवर (मुख्य डेटाबेसवर) लॉगिन करा.' "कुठल्या? दोन आहेत ना." पुढे त्याने विचारलं, रेप्लिका नुसती रीस्टार्ट होत असेल, तरी स्लॉट बंदच दिसेल ना? दिसतो. तेव्हा काढला तर रेप्लिका नव्याने उभी करावी लागू शकते. म्हणून 'स्लॉट कोणाचा ते आधी विचारा' ही ओळ आली, आणि तिच्याखाली मालकांचा तक्ता.

तक्त्यात एका स्लॉटपुढे अजून प्रश्नचिन्ह आहे. तो चालू आहे, म्हणजे कोणीतरी वाचतंय.