तुम्ही विचारलंत म्हणून: बोर्डात आलेल्या मुलीचं पुढे काय झालं?

दहावीचा निकाल लागला की हा प्रश्न ठरलेला. लग्नाच्या पंगतीत, बँकेच्या रांगेत, क्लासला मुलांना सोडायला आलेल्या पालकांकडून. "तुम्ही बोर्डात आला होतात ना? मग पुढे काय केलंत?" मी गावात आठवी ते दहावीच्या गणिताचे क्लास घेते हे विचारणाऱ्याला माहीत असतं. त्याला खरं विचारायचं असतं ते हे, की एवढे मार्क पडून काय उपयोग झाला? मार्कांवरून माणसाचं पुढचं आयुष्य कळतं का? एकदाच नीट उत्तर देते.

कळतं. बऱ्याच अंशी कळतं. हे मी सांगितलेलं तुम्हाला आवडत नाही, कारण माझ्याकडून तुम्हाला "मार्क म्हणजे सगळं नसतं" हे ऐकायचं असतं. ते मी म्हणणार नाही. माझे वडील साखर कारखान्यात वजनकाट्यावर कारकून होते. आमच्याकडे ना जमीन, ना ओळख, ना डोनेशन. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस कोल्हापूर विभागाच्या गुणवत्ता यादीत माझं नाव आलं. लाखो मुलांनी सोडवलेली तीच प्रश्नपत्रिका, आणि पेपर तपासणाऱ्याला माझे वडील कोण हे ठाऊक नाही. आमच्यासारख्या घराला याहून मोठी शिफारस कुठून मिळणार होती? पुढे मंडळाने ती यादीच बंद केली. मुलांवरचा ताण कमी व्हावा म्हणून केली असेल तर ठीकच. पण त्या यादीमुळेच माझी कॉलेजची फी भरली गेली, हे मी विसरू शकत नाही.

या विषयावर हाती लागेल ते मी वाचते. अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात ज्युलियन स्टॅनली यांनी 1971 मध्ये एक अभ्यास सुरू केला. बारा-तेरा वर्षांच्या हुशार मुलांना कॉलेज प्रवेशाची सॅट परीक्षा द्यायला लावली आणि पुढे कित्येक दशकं त्यांचा माग ठेवला. वरच्या एक टक्क्यातल्या मुलांमध्येसुद्धा ज्यांचे गुण आणखी वर होते, त्यांच्या नावावर पुढे पीएच.डी. आणि पेटंट्स जास्त निघाली. म्हणजे परीक्षा खोटं बोलत नाही. तिच्या नजरेतून माणसं सुटतात, हेही खरं. 1921 मध्ये लुईस टर्मन यांनी बुद्ध्यंक मोजून कॅलिफोर्नियातली दीडेक हजार मुलं निवडली, त्यात विल्यम शॉकली आणि लुईस अल्वारेझ बसले नाहीत. दोघांनाही पुढे भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. पण अशी दोन नावं सांगून सरासरी खोडता येत नाही. मी गणिताची बाई आहे, मला ते पटत नाही.

मग माझं काय? सांगते.

सांगलीत इंजिनिअरिंग झालं, हिंजवडीत नोकरी लागली. काम जमत होतं, अमेरिकेला पाठवायचं बोलणं सुरू होतं. त्याच वर्षी वडिलांना अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. आई एकटी त्यांना कुशीवर वळवू शकत नव्हती. मी रजा टाकून मिरजेला आले. भाऊ चाकणला होता, त्याची नोकरी नवी होती. त्याने रजा वाढवावी असं कुणाच्या मनातही आलं नाही, माझ्यासुद्धा नाही. त्याला दहावीला बासष्ट टक्के होते, मला यादीत नाव. या प्रसंगात त्या आकड्यांना कुणी विचारलं नाही.

वडिलांचे मावसभाऊ भेटायला आले, आम्ही त्यांना तात्या म्हणतो. मी नुकतंच वडिलांचं भांडं उचललं होतं. तात्या कॉटच्या पायथ्याशी उभे राहून आईला म्हणाले, "वैनी, बोर्डात आलेली पोरगी, आणि हे करायला लागली. हुशारी मातीत गेली हो." चांगल्या मनाने म्हणाले. वडिलांना बोलता येत नव्हतं, पण समजत सगळं होतं. त्यांनी डाव्या हाताने चादर तोंडावर ओढायचा प्रयत्न केला. ती कोपरापर्यंतच आली. मी भांडं तसंच हातात धरून उभी. तात्यांना उत्तर द्यावं, का चादर वर घ्यावी? मी बाहेर गेले, भांडं धुतलं आणि बराच वेळ धुतच राहिले.

त्या चादरीला मी हात लावला नाही याचं कारण मला माहीत आहे. मला तात्यांचं म्हणणं पटलं होतं.

तेव्हाची मी म्हणायची, वर्षभरात परत जाईन. वडील त्यानंतर बरीच वर्षं जगले, आणि मी गेले नाही. आता ती माझ्याशी भांडते: तुला जाता आलं असतं, दिवसरात्र बाई ठेवता आली असती, पैसे पाठवता आले असते. मी तिला सांगते, फिजिओथेरपिस्टने दाखवलेले व्यायाम मी वडिलांकडून रोज करून घेतले म्हणून ते भिंत धरून चालायला लागले. ती विचारते, त्याला बोर्डात यावं लागतं का? नाही लागत. यापुढे आमचं दोघींचं भांडण सरकत नाही.

स्टॅनलींच्या त्याच मुलामुलींबद्दल 2014 मध्ये एक शोधनिबंध आला, तेव्हा ती सगळी पन्नाशीच्या आसपास होती. पुरुषांची मिळकत सरासरीने जास्त, ते कामालाही जास्त तास देणारे. स्त्रियांचा वेळ घराला आणि माणसांना जास्त गेलेला. आयुष्यात समाधान किती, याचं उत्तर दोघांचं जवळजवळ सारखं. हे वाचून मला बरं वाटलं. नंतर रागही आला. समाधान आहे असं लिहून देणाऱ्या त्या बायकांपैकी कितीजणींच्या घरी कुणी तात्या येऊन गेले होते, हे त्या प्रश्नावलीत कुठे विचारलं असेल? आणि मला विचारलं असतं तर मीही "समाधानी" यावरच खूण केली असती. ती खरीही असती. माझ्या क्लासमधल्या मुलांना भूमितीची सिद्धता स्वतःहून सुचते तेव्हा मला दुसरं काही नको असतं.

जूनमध्ये आया मुलींना घेऊन येतात. सत्त्याण्णव टक्के, हातात पेढे. "बाई, हिचं पुढे चांगलंच होणार ना?" मी मार्कशीट बघते, मुलीच्या पाठीवरून हात फिरवते, आणि मग आईला विचारते: घरी आजारी कोण आहे? हॉस्टेलची फी कोण भरणार? उद्या कुणी अंथरुणाला खिळलं तर रजा कोण टाकणार, ही की हिचा भाऊ? काहीजणींना राग येतो. शुभ दिवशी असलं का विचारता, म्हणतात. मी विचारते.